कंपाची ओळख

आघात हा शब्द मराठी समीक्षेला छंदाच्या आणि भावजीवनाच्या संदर्भात परिचित आहे. अभियंत्याच्या कोशात त्याला मोजमाप असते: त्वरण किती, ते किती मिलिसेकंद टिकले आणि कोणत्या दिशेने आले.

मार्च 2023 च्या पहिल्या आठवड्यात बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात चांद्रयान-3 ची कंपनचाचणी आणि ध्वनिचाचणी पार पडली. उड्डाणाच्या वेळी यानाला जे सोसावे लागणार, ते आधी जमिनीवर सोसायला लावावयाचे, हा अशा चाचण्यांचा हेतू. वर्षानुवर्षे जपून जोडलेली वस्तू आपल्याच हातांनी हादरवून पाहावी, यात एक निष्ठुर वात्सल्य आहे.

प्रत्येक रचनेला तिचा स्वतःचा कंप असतो. मिरजेचा तंबोरे करणारा कारागीर तो कानाने ओळखतो. अभियंता कंपनमंचाची कंप्रता हळूहळू चढवीत नेतो आणि रचनेवर जागोजागी चिकटविलेल्या त्वरणमापकांची नोंद वाचतो. बाहेरचा कंप आतल्या कंपाशी जुळला की अनुस्पंदन घडते आणि लहानसा हादराही अनेक पटींनी वाढतो. म्हणून कठोर चाचणीपूर्वी एक सौम्य चाचणी घेतात आणि नंतर तीच पुन्हा घेतात. दोन्ही आलेख एकमेकांवर नीट बसले, तर रचना अभंग आहे. आलेखातील शिखर जागचे हलले, तर कोठेतरी सांधा सैल झाला असावा किंवा तडा गेला असावा. डोळ्यांना न दिसणारी इजा कंप सांगून जातो.

मात्र चाचणी घेता येते ती कल्पिलेल्या आघाताचीच. 7 सप्टेंबर 2019 रोजी चांद्रयान-2 चा विक्रम अपेक्षेहून अधिक वेगाने चंद्रावर आदळला. त्याच्यासोबत 'इल्सा' हे चंद्रभूमीचे कंप टिपणारे, बंगळुरूतच घडविलेले उपकरणही गेले. सूक्ष्मातिसूक्ष्म थरथर टिपण्यासाठी जन्मलेले ते यंत्र एकाच आघातात मूक झाले.

चांद्रयान-3 च्या अवतरकाचे पाय अधिक बळकट करण्यात आले. उतरतानाचा सेकंदाला 2 मीटर वेग सोसण्याची मर्यादा 3 मीटरवर नेण्यात आली. 23 ऑगस्ट 2023 रोजी तो सुखरूप उतरला आणि दुसरी इल्सा कामाला लागली. तिच्या सिलिकॉनच्या गाभ्यात स्प्रिंगने तोललेले एक इवलेसे वस्तुमान आहे. जमीन हलली की ते क्षणभर मागे राहते, आणि त्या मागे राहण्यातूनच कंप मोजला जातो. बंगळुरूच्या मंचावर ज्या यानाचे कंप माणसांनी वाचले, तेच यान आता परक्या भूमीचे कंप वाचत होते.

चंद्रावर हवा नाही, म्हणून नाद नाही; कंप मात्र आहे. सुमारे 190 तासांत इल्साने अडीचशेहून अधिक संकेत नोंदविले. त्यांतील सुमारे दोनशेंचा संबंध प्रज्ञानच्या हालचालींशी किंवा इतर उपकरणांच्या कामाशी जोडता आला. उरलेल्या सुमारे पन्नास संकेतांचा तसा मेळ लागला नाही. आपल्या यंत्रांच्या हालचालींशी संकेत ताडून पाहता आले, म्हणूनच हे पन्नास वेगळे काढता आले.