एका फटक्याचं अंतर

गोल्फच्या मोठ्या स्पर्धेत सहसा चार दिवस, रोज 18 होल. पण चाहत्याचा जीव अडकतो तो चौथ्या दिवशी. टोकियो ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2021 रोजी पुण्याचा उदयन माने पुरुषांची शेवटची फेरी खेळला. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतल्याने त्याला ऐनवेळी जागा मिळाली होती. पदकाचा प्रश्नच नव्हता. तरी गुणफलकाच्या तळाशी का होईना, मराठी आडनाव शोधण्यात वेगळीच गोडी असते.

खरी घालमेल झाली 7 ऑगस्टच्या शनिवारी. बंगळुरूची अदिती अशोक दुसऱ्या स्थानावरून महिलांची शेवटची फेरी सुरू करणार, म्हणून तेव्हाच्या औरंगाबादेत, जिथे खेळ म्हणजे क्रिकेट, तिथला चाहताही पहाटेच टीव्हीसमोर. चहा निवत गेला. मध्येच वादळी हवेने खेळ थांबला. चार फेऱ्यांचं पार, म्हणजे अपेक्षित फटके, 284. अठराव्या होलवर अदितीचा लांबचा पट, म्हणजे चेंडू खळग्याकडे घरंगळत नेणारा फटका, खळग्याच्या बाजूने निघून गेला आणि तिची बेरीज 269 वर थांबली. कांस्यपदक मिळवणाऱ्या लिडिया कोचे फटके 268. नेली कोर्डा 267 वर सुवर्णपदक घेऊन गेली.