चार ट्रॅक आणि एक स्कूटर

न्यू वेव्हचा पार्टी बँड म्हटलं की लोकांना बी-फिफ्टीटूज आठवतात. त्यांचा १९७९चा पहिला अल्बम बहामातल्या कंपास पॉइंट स्टुडिओत झाला. आपल्या रेमो फर्नांडिसनं १९८४ साली 'गोअन क्रेझी' केला तो शिवोलीच्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर. वाद्यं त्याचीच, आवाजही त्याचेच. वर स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोचवल्या!

चार ट्रॅकवर अख्खा बँड मावतो कसा? तीन भरायचे, ते मिसळून चौथ्यावर उतरवायचे, आणि तिन्ही पुसून पुन्हा वापरायचे. एकदा उतरवलं की नुसता ड्रम वाढवायची सोय नाही. अनडू नाही मंडळी! शिवाय दर फेरीला खरखर वाढणार. मला ती खरखरही आवडते.

रेमोचं 'ओड टू ग्रॅहम बेल' तर टेलिफोन खात्याची खिल्ली आहे. तेव्हा घरी फोन यायला वर्षानुवर्षं लागायची, त्यामुळे हे पार्टीत वाजलं तरी सगळ्यांचं दुखणं होतं.

मांडवीला आत्याकडे ही कॅसेट आहे. समुद्राच्या हवेनं पट्टीला बुरशी धरलीय. एकदाच धड वाजेल, तेवढ्यात कॉम्प्युटरवर घ्यायची. आतेभाऊ म्हणतो, "अरे, गाणी नेटवर मिळतील की." मिळतील. पण काकांनी खाचेवर चिकटपट्टी लावून बी बाजूच्या शेवटी उरलेल्या पट्टीवर स्वतःचा आवाज भरून ठेवलाय. काका जाऊन अकरा वर्षं झाली. आत्या म्हणाली, "आधी तेवढंच लाव."