भिंत आणि पहारेकरी

गेल्या हिवाळ्यात आमच्या धाकट्या नातीच्या कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणीत इसब उठला. रात्र रात्र ती खाजवीत बसे. आम्ही पडलो जुन्या वळणाची माणसे! मळ साचला असावा असे समजून तिला कढत पाण्याने, साबण लावून, खसाखसा चोळून न्हाऊ घालण्याचा सपाटा आम्हीच चालविला. व्याधी मात्र वाढतच गेली. अखेर डॉक्टर म्हणाले, "आजोबा, चोराच्या भीतीने तुम्ही घराची भिंतच पाडीत आहां."

खजील होऊन आम्ही या विषयाचे थोडे वाचन केले. त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे मृत पेशींच्या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्यांचा चुना. त्याखालील जिवंत थरात पहारेकरी वसतात. १८६८ साली बर्लिन येथे पाउल लांगरहान्स या तरुण विद्यार्थ्याने सोन्याच्या क्षाराने त्वचा रंगवून फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या व त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असे मानिले. त्या रोगप्रतिकारक आहेत हे उमगावयास शंभराहून अधिक वर्षे लोटली.

या पेशी आपल्या फांद्या शेजारच्या सांध्यांतून वर सारतात, पण सांधा उसवू देत नाहीत. बाहेरील परक्या द्रव्याची वर्दी त्या लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचवितात. त्वचेत नियामक पेशीही असतात; त्यांचे काम विनाकारण उठणारा दाह आवरण्याचे.

भिंतच विरली की मात्र घात होतो. फिलॅग्रिन नामक प्रथिनाच्या जनुकातील दोषाने काहींची भिंत जन्मतःच कच्ची असते, असे २००६ साली सिद्ध झाले. मग परके द्रव्य आत शिरते, पहारेकरी हाकाटी करितात, आणि त्या दाहामुळे भिंतीची प्रथिने आणखी घटतात. त्यातून खाज, खाजेतून ओरखडे, ओरखड्यांतून नवी भगदाडे!

आता कोमट पाणी, सौम्य साबण, अंग टिपताच मलम, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध, असा क्रम आहे. इसब समूळ गेला असे नव्हे. पण पोर रात्री झोपते. तिची नखे आम्हीच कापतो. वाचकहो, माया करावयाची तीही हलक्या हाताने करावी, हे या वयात एका चिमुरडीच्या कातडीने आम्हांस शिकविले.