आत्मकथनातली माणसे, कादंबरीतली माणसे

कादंबरीतल्या माणसाला नातेवाईक नसतात. लेखकाने त्याला भेकड दाखवले, बायकोला मारणारा दाखवले, तरी कोणी दाराशी येऊन जाब विचारत नाही. आत्मकथनातला प्रत्येक जण मात्र कुणाचा तरी बाप, कुणाची तरी सून असतो. पुस्तक निघते तेव्हा पुष्कळदा हयातही असतो. म्हणून दोन्ही प्रकारची पुस्तके लागोपाठ वाचणाऱ्याची मापे बदलतात. कादंबरीत तो पटते की नाही एवढे पाहतो. आत्मकथनात लेखकाने इतरांची झाडाझडती घेताना स्वतःला किती सूट दिली, हेही तपासतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. तक्रारीला तिथे जागा भरपूर होती. नवरा वरचेवर घर सोडून जाणारा, हातात पैसा न टिकणारा. १८९५ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. नवरा, ना. वा. टिळक, १९१९ मध्येच वारले असल्याने उलट उत्तर यायचीही भीती नव्हती. तरीही लक्ष्मीबाई फिर्याद मांडत नाहीत. मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांचे सोवळे त्या ज्या मिस्कीलपणे सांगतात, त्याच मिस्कीलपणे स्वतःचेही सोवळे सांगतात. नवऱ्याला हसण्याचा हक्क त्यांनी आधी स्वतःला हसून मिळवला आहे.

दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) खऱ्या माणसांबद्दल लिहिण्याची ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली, आणि ती वाट मराठीतली सर्वांत धाडसी म्हणावी लागेल. इथे सांगणारा आहे दगडू मारुती पवार आणि ऐकणारा दया पवार. माणूस एकच. एक गावकुसाबाहेरचा, मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला. दुसरा शिकलासवरलेला, नोकरदार, कवी म्हणून नाव झालेला. दगडू बापाची दारू सांगतो, आईचे कष्ट सांगतो, आणि आपला पहिला संसार मोडला त्यात आपला वाटा किती, तेही सांगतो. हे सगळे ‘मी’ म्हणून सरळ सांगितले असते तर त्याला कबुलीजबाबाचा वास आला असता. ऐकणारा समोर बसवल्यामुळे प्रतिष्ठा मिळालेल्या माणसालाच साक्षीदार व्हावे लागते. त्याला ते ऐकवत नाही आणि उठूनही जाता येत नाही. घरची लक्तरे वेशीवर टांगली, अशी टीका या पुस्तकावर पवारांच्या स्वतःच्या समाजातल्या शिकलेल्या लोकांकडूनही झाली. ती समजण्यासारखी आहे. पण दगडूने सर्वांत जास्त लक्तरे स्वतःचीच टांगली, हे टीकाकारांच्या नजरेतून सुटले. पुढे आलेल्या काही आत्मकथनांनी हा स्पष्टपणा घेतला, दुभंगलेपण घेतले नाही. त्यांत अन्याय खरा असतो, सांगणारा मात्र फारच निर्दोष उरतो.

सुनीता देशपांड्यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आले तेव्हा पु. ल. देशपांडे हयात होते. लाडक्या लेखकाच्या घरातल्या उणिवा त्याच्या बायकोने सांगाव्यात, हे अनेकांना रुचले नाही. वादामुळे पुस्तकाचे नुकसानच झाले. लोक त्यात पु. ल. शोधत राहिले; स्वतःच्या काटेकोर, कधी कठोर स्वभावाला सुनीताबाईंनी घातलेला हात त्यामानाने कमी वाचला गेला.

‘कोसला’ या कादंबरीच्या (१९६३) वाट्याला उलटा प्रकार आला. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीचा, लेखक भालचंद्र नेमाडेही सांगवीचे. मग कोण कुठला याचा तपास सुरू होतो. हा उद्योग निरर्थक आहे. धाकटी बहीण देवीने जाते, त्या पानांवर पांडुरंगचे दुःख आणि घरच्यांवरचा, विशेषतः वडिलांवरचा राग जसा बेफाम सुटतो, तसा राग आत्मकथनकाराला परवडत नाही. तो निम्म्यात थबकतो, कारण त्याचे वडील खरे असतात.

अभिनेत्री हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) आत्मकथन आणि कादंबरी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडते. त्या बोलत गेल्या, अरुण साधूंनी शब्दांकन केले. श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये त्यावरून ‘भूमिका’ केला तेव्हा नायिकेची उषा झाली आणि कथेला कादंबरीची मोकळीक मिळाली. उषा झालेल्या स्मिता पाटील यांचे काम उत्तमच आहे. मात्र चित्रपटातली उषा प्रेक्षकाची सहानुभूती मिळवते. पुस्तकातल्या हंसाबाई ती मागतच नाहीत, आणि आपल्या चुका सांगताना त्यांचा आवाज जराही खाली येत नाही.