चारशेसातचा गिअरबॉक्स अंगणात

गाडीचा गिअरबॉक्स घरी उतरवता येतो का, असे ओळखीतले ड्रायव्हर आम्हाला विचारतात. येतो. मात्र हाताशी माणसे किती, गाडी उभी आहे ती जमीन कशी आणि घरातली मोठी माणसे परवानगी देतात का, हे आधी पाहावे लागते. आमच्या घरी तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती.

आमची टाटा ४०७ नांदेड-लातूर चालते. हे मॉडेल १९८६ साली रस्त्यावर आले; मराठवाड्यात तिला लहानथोर सगळे ‘चारशेसात’ म्हणतात. जाताना मिळेल तो माल, येताना लातूरच्या मिलमधली तूरडाळ. लोहा, अहमदपूर, चाकूर असा सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता. त्याच लातुरात आमची धाकटी बहीण नीटची तयारी करते. ‘लातूर पॅटर्न’चे नाव ऐकून अब्बांनी तिला तिकडे ठेवले. तिच्या क्लासची फी, खोलीचे भाडे, बँकेचा हप्ता, सारे या एका गाडीतून निघते. दसरा झाला, सोयाबीन बाजारात यायला लागले आणि नेमका तेव्हाच क्लच घसरू लागला. चढावर इंजिनचा आवाज वाढायचा, वेग मात्र तेवढाच. केबिनमध्ये जळका वास. पेडलची ढिलाई तपासली, ती बरोबर होती. म्हणजे प्लेट संपली होती.

क्लच प्लेट एका माणसाच्या हातात सहज मावते. पण ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसलेली, त्यामुळे तिच्यापर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स मागे ओढून खाली घ्यावा लागतो. गॅरेजवाल्याने आठ दिवसांनंतरचा नंबर दिला. हंगामातले आठ दिवस म्हणजे काय, हे गाडीवाल्याच्या घरात लेकरांनाही कळते.

घरीच उतरवू म्हटल्यावर अम्मी उठून आत गेली. आमच्या एका चाचांचा पाय जॅक निसटल्यामुळे कायमचा अधू झाला आहे. ते दिवस तिने दवाखान्यात काढले होते. संध्याकाळी ती एवढेच म्हणाली, “जॅक के भरोसे नीचे नको घुसो रे. पहले मामू को बुलाओ.”

मामू लातूरला राहतात. चाळीस वर्षे पाना धरला, आता गुडघ्यांमुळे बसून असतात. ते एसटीने आले. दिवाळीच्या सुट्टीमुळे बहीणही त्यांच्यासोबत आली. मामूंनी गाडीकडे बघायच्या आधी जमीन बघितली. मातीवरून काढून गाडी फरशीवर घ्यायला लावली. चारही चाकांना पुढून-मागून दगड, चासीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या, मग जॅक सैल केला आणि गाडीला खांद्याने हलवून पाहिले. ती हलली नाही तेव्हा कुठे बॅटरीची तार काढली. आधी उंट बांधा, मग तवक्कुल करा, ही नबी (स.) यांची शिकवण आपण तकरीरीत ऐकतो, मामू ती घोडी लावून पाळतात. अम्मी तिथेच पाटावर बसली आणि काम संपेपर्यंत फारशी उठली नाही.

फजरनंतर सुरुवात केली. आधी गिअर ऑइल काढले. बुडाच्या बोल्टाला आलेला कीस मामूंनी बोटावर चोळून उन्हात धरला. पितळी चमक असेल तर गिअर जुळवणाऱ्या रिंगा झिजल्या समजायचे, पोलादाचे तुकडे असतील तर दाते तुटताहेत. आमच्यात करड्या पिठासारखा बारीक कीस होता. “बॉक्स खोलायचा नाही,” मामू म्हणाले, आणि आमचा अर्धा खर्च तिथेच वाचला.

प्रोपेलर शाफ्ट सोडवताना दोन्ही फ्लँजवर छिन्नीने खूण केली, म्हणजे परत त्याच जागी बसेल. क्लचचा सिलिंडर पाइप न तोडता बाजूला बांधला. बहिणीने खोक्याच्या पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा आकार काढला आणि जो बोल्ट निघेल तो त्याच जागी पुठ्ठ्यात खुपसत गेली. त्यातले दोन इतरांपेक्षा लांब निघाले. पुठ्ठा नसता तर संध्याकाळी त्यावरून भांडण ठरलेले.

खरे जोखमीचे काम ओझ्याचे. केबिनच्या दोन्ही दारांतून आडवा लोखंडी पाइप टाकला, त्याची टोके बाहेर उंच घोड्यांवर टेकवली आणि गिअर लिव्हरच्या भोकातून दोर सोडून बॉक्स बांधला. खालून जॅक, वरून दोर. इंजिनच्या मागच्या टोकाला लाकडी ठोकळ्याचा टेकू. बॉक्स सरळ रेषेत मागे यावा लागतो. तो मध्येच शाफ्टवर लटकला तर प्लेट वाकते आणि ओढणाऱ्याचा हातही जातो. दोघे दोन बाजूंनी, छाती बाहेर, फक्त हात आत. बोटबोट सरकत तो जुहरच्या अजानआधी खाली आला.

नमाजला जाताना ग्रीसचा प्रश्न येतोच. ऑइलने कपडा नापाक होत नाही, पण हातावर ग्रीसचा थर राहिला तर पाणी कातडीपर्यंत पोचत नाही आणि वुजू होत नाही. लाकडाचा भुसा आणि कपड्याची पावडर चोळली की निघतो. मामूंच्या नखांत चाळीस वर्षांचे काळे आहे, तेही प्रत्येक वक्ताला काडीने कोरून बसतात.

प्लेट रिव्हेटपर्यंत घासली होती. फ्लायव्हीलवर तापल्याचे निळे डाग होते, पण चर पडलेली नव्हती. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट आणला. आमच्यातल्या एकाचे म्हणणे होते की प्रेशर प्लेट अजून चालेल. मामूंनी उत्तर दिले नाही, जुनी त्याच्या हातात दिली आणि तिची बोटे समोरून बघायला सांगितली. तीन बोटे खाली बसलेली होती.

चढवणे उतरवण्यापेक्षा कठीण. प्लेट अगदी मध्यावर हवी, म्हणून मामूंनी लातूरहून एक तुटका क्लच शाफ्ट आणला होता. तो आत घालून प्लेट मध्यावर धरायची, प्रेशर प्लेट कसायची, मग शाफ्ट काढून घ्यायचा. वरच्या दोन भोकांत डोके कापलेले लांब बोल्ट लावले, त्यांच्यावरून बॉक्स वाट धरतो. तरीही शेवटचे दोन बोटांचे अंतर राहिले. बोल्ट कसून ओढून घेऊ, असे आम्हाला वाटत होते. मामू म्हणाले, त्याने हाउसिंगचा कान तुटतो. गाडी गिअरमध्ये टाकायला लावली आणि मागचा फ्लँज हाताने हळू फिरवला. दाते दात्यांत गेले आणि बॉक्स आपोआप आत बसला.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत जास्त दिसतात त्यांत वाहनदुरुस्ती आहे. आणि आपल्याच घरांत पोराला धमकी देतात, शिकला नाहीस तर पाना धरशील! आमच्या बहिणीने मामूंकडून सिंक्रोची रिंग अर्धा तास समजून घेतली. तिला डॉक्टरच व्हायचे आहे, इन्शाअल्लाह होईल. पण त्या अर्ध्या तासात तिने विचारलेले प्रश्न आम्हाला इतक्या वर्षांत सुचले नव्हते.

मगरिबनंतर ऑइल भरले, आधी रिव्हर्स, मग पहिला गिअर. आवाज नाही, घसरण नाही. अम्मी पाटावरून उठली आणि चहा टाकायला गेली. तिसऱ्या दिवशी डाळ भरून अहमदपूरचा चढ पार केला. मामूंनी सांगितल्याप्रमाणे दोन खेपांनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. लांब दोघांपैकी एकाने अर्धा फेरा घेतला, बाकीचे जागच्या जागी होते.