काका घाबरले म्हणून?

आमच्या धाडला एक निदान अजून चालू आहे. "तुमचे काका घाबरले, म्हणून ऑक्सिजनवर गेले!" एप्रिल 2021 मध्ये घरात कोरोना शिरला. शेतात राबणारे, शुगर-बीपी काही नसलेले काका थेट बुलढाण्याला अ‍ॅडमिट. आणि त्यांच्याच पंक्तीला जेवणाऱ्या आजीला साधी शिंकही नाही. म्हणून आजी खमकी, काका भित्रे. हा टोमणा ऐकून ऐकून काकांनी पारावर बसणंच सोडलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

पुण्यात 2020च्या जुलै-ऑगस्टमध्ये पाच प्रभागांत रक्त तपासलं, तर 51.5 टक्के लोकांत अँटीबॉडीज निघाल्या. बहुतेकांना पत्ताही नव्हता. आता त्या प्रभागांतले अर्धे लोक काही शूर नाहीत हो!

व्हायरस शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रोटीन सोडते, शेजारच्या पेशी सावध होऊन दारं लावून घेतात. पण काहींच्या रक्तात या इंटरफेरॉनलाच निकामी करणाऱ्या अँटीबॉडीज असतात. 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या कॅसानोव्हांच्या टीमनं 987 गंभीर रुग्ण तपासले. 101 जणांत त्या सापडल्या, त्यात 95 पुरुष. आजार सौम्य असलेल्या किंवा लक्षणंच नसलेल्या 663 जणांत? एकातही नाही.

काकांचं रक्त असं कुणी तपासलेलं नाही. पण अशा माणसाला एरवी बहुधा काहीच जाणवत नाही. सोयाबीनचं पोतं ट्रॉलीत टाकायला इंटरफेरॉन लागत नाही ना...