घाटातील जुनी वाट आणि सुताराचे नाव

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही नागपूरची दहा-बारा माणसे यंदा सरळ घरी परतलो नाही. मुलाबाळांना कार्ल्याची लेणी दाखवावी म्हणून दादरहून लोणावळ्याच्या गाडीत बसलो. कर्जतला गाडीला मागून आणखी इंजिने लागली. बोरघाट चढायला एक इंजिन पुरत नाही, असे शेजारी बसलेल्या एका निवृत्त रेल्वे कामगाराने मुलांना सांगितले. खंडाळा जवळ आल्यावर त्यांनी बोट दाखविले, "ती पाहा जुनी लाईन!" गवतात बुडालेले काळे दगडी बांधकाम क्षणभर दिसले आणि गाडी बोगद्यात शिरली.

आम्ही पडलो कारकून. आकडे दिसले की टिपून ठेवतो. १८५६ ते १८६३ या काळात जी.आय.पी. रेल्वेने हा घाट बांधला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे, ८ मोठे दगडी पूल. काही ठिकाणी ३७ फूट पुढे गेले की १ फूट वर, इतकी उभी चढण. एका जागी वळण घ्यायला डोंगरात वावच नव्हता. तेथे रिव्हर्सिंग स्टेशन केले. गाडी टोकाला जाऊन थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला लावायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ साली नवा मार्ग झाला, विजेची इंजिने आली आणि ही वाट ओस पडली.

पण हा घाट बांधला कोणी? १८६१ च्या सुमारास येथे एका वेळी ४२,००० मजूर राबत होते. त्यात बायाही होत्या. कॉलऱ्याने माणसे पटापट मेली. १८५९ च्या सुरुवातीस मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला. पहिल्या इंग्रज कंत्राटदाराने त्याच वर्षी काम सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीस नेले. तिचे नाव इतिहासात आहे आणि ते असायलाच हवे. परंतु पाटी वाहणाऱ्या आमच्या आयाबहिणींचे नाव कोठे आहे?

घाटातला आठ कमानींचा एक पूल तर १८६७ च्या जुलैत कोसळला. बाहेरून घडीव दगड, आत कच्चा भराव. कंत्राटातली काटकसर पावसाने उघडी पाडली.

दुपारी आम्ही कार्ल्याच्या चैत्यगृहापुढे उभे राहिलो. तेथे दारापाशी ब्राह्मी लिपीत कोरले आहे की हे दार धेनुकाकट येथील सुतार सामी याने केले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराचे नाव दगडावर कोरले गेले आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या ४२,००० माणसांतले एकही नाव आम्हांला सांगता येत नाही!

आपल्या घरात कोणी रेल्वेत, गिरणीत, खाणीत राबले असेल तर त्यांचे नाव, गाव आणि काम आजच एका वहीत लिहून ठेवा. परतल्यावर आम्हीही आमची वही उघडली आहे.